चालक जबाबदार राहणार नाही

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही. कोर्टात लागली तर लागली, म्हणून अक्षर मात्र बरं काढतोय.

काल मोबाइलवर वेबिनार केला. विषय: ड्रोन पायलट आणि कायदेशीर जोखीम. दोन तासांचा होता, त्यातला पाऊण तास रेंज नव्हती. किन्हवली आहे, चालायचंच. पण मुख्य मुद्दा पोचला. पायलट ड्रोन पडल्यामुळे बुडत नाही, कागद नसल्यामुळे बुडतो. हे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून टाकलं.

खरं तर मला हे वेगळं शिकायची गरज नव्हती. गेल्या वर्षी मुरबाडच्या एका प्लॉटवाल्यासाठी शूट केलं. त्याने जाहिरातीत दाखवलेला हिरवागार तुकडा निघाला भलत्याचाच. मालक गेला पोलिसांत. मला बोलावणं. चार तास व्हरांड्यातल्या बाकावर. कोणी काही विचारलं नाही. चहा दिला, नाव लिहून घेतलं, जा म्हणाले. पण त्या चार तासांत आतलं काहीतरी बंद पडलं ते अजून चालू नाही. लग्नात नवरी रडायला लागली की मी बॅटरीचे टक्के बघतो. बायको, अनिता, म्हणते, तुम्ही बधिर झालात. मी म्हणतो, प्रोफेशनल झालो.

संकल्प: लेखी संमतीशिवाय उड्डाण नाही. कोणासाठीही नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फाईल तयार. निळी, दोरीची. संमतीपत्राचे शंभर झेरॉक्स. शाईचा पॅड.

शिवाय एक मास्टरस्ट्रोक. प्रत्येक फोटोखाली आता काळी पट्टी येणार आणि पट्टीत चार ओळी. सगळं डोकं लावून मीच लिहिलं: हे छायाचित्र केवळ हौसेखातर आहे. यातील हद्दी खऱ्या असतीलच असे नाही. शासकीय अथवा न्यायालयीन कामासाठी वापरू नये. वापरल्यास व नुकसान झाल्यास चालक जबाबदार राहणार नाही.

सॉफ्टवेअरमध्ये कायमचं सेट केलं. आता फोटो बाहेर पडला की पट्टी आपोआप. विसरायची भानगडच नाही.

अनिताला वाचून दाखवलं. ती अंगणवाडीची रजिस्टरं भरत होती. मान वर न करता म्हणाली, पत्रिकेवर पण छापायला हवं होतं हे, लग्नाच्या वेळी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पायलटचं सर्टिफिकेट माझ्याकडे नाही. याचा अर्थ मी बेकायदा आहे असा नाही. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला ते लागत नाही, आणि आपला २४९. तरी कोर्स करायचाच आहे. मार्चमध्ये.

खात्री असावी म्हणून सोनाराकडे नेऊन तोलला. २५१.२ भरला. सोनार म्हणाला, काटा खोटं बोलत नाय, यात काय मढवलंय. बघतो तर दसऱ्याला वडिलांनी, आप्पांनी, पूजा केली होती, ते हळदीकुंकू पंख्यांच्या खाचांत वाळून बसलंय. वरून मीच लावलेलं स्टिकर: सुनिल एरियल्स.

साफ करायचा. रविवारी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वैशाखरेला लग्न. प्रज्वल नावाचा नवरा, बदलापूरला कंपनीत आहे. मुहूर्त साडेबाराचा, अक्षता पडल्या पावणेतीनला.

मधल्या वेळात संमतीपत्रं घ्यायला निघालो. पंगतीत फिरलो, पॅड उघडून. चूक एवढीच की हा भाग कोणता आहे ते विसरलो. नव्या रस्त्यासाठी जमिनी मोजून घेतल्या तेव्हापासून इकडे कागद, शाई आणि वर घोंघावणारं यंत्र तिन्ही एकत्र दिसलं की लोक हातातला घास ठेवतात. अर्धी पंगत उठली. नवऱ्याचा मामा आला आणि विचारता झाला की कुठल्या कंपनीचा दलाल तू. मी वेबिनारमधलं वाक्य सांगितलं. त्याने माझी कॉलर धरली. एकाच माणसाने सही दिली, बँडवाल्याने. त्याला वाटलं जेवणाची यादी आहे.

शेवटी संमतीशिवाय उडवला. गर्दीवरून, कमी उंचीवर, अक्षता पडताना. परिस्थिती अपवादात्मक होती. क्लिप सुंदर आली. काही वाटलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी

कमळू आला. खर्डीच्या पुढच्या वाडीवरचा. तो आणि त्याची बायको बुधी आमच्या आवणीला, भात लावायला, येतात, मी शाळेत जायच्या आधीपासून. आईला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर मला बुधीने कडेवर घेऊन फिरवलं म्हणे. मला आठवत नाही.

काम असं. रानातली जी जमीन त्याचा बाप कसत होता ती सरकारने त्याच्या नावावर करून द्यायची, वनपट्टा. कसतो पावणेदोन एकर, कागदावर आली अकरा गुंठे. बाकीचं रान म्हणून दाखवलंय. तिथे वन खातं पावसाळ्यात झाडं लावून कुंपण घालणार. पंचवीस मार्चला शहापूरला सुनावणी आहे. साहेब म्हणाले, कसतोस त्याचा पुरावा आण. कमळू म्हणाला, शेट, तुमी वरून एक फोटू काढून द्या. पेरणीआधी पालापाचोळा पसरून राब भाजला की भाताच्या खाचरात काळे चौकोन पडतात. रान कधी चौकोनी जळत नाय. साहेबाला दिसंल का नाय?

दिसेल म्हणालो. आधी कायदेशीर बाजू तपासून सांगतो म्हणालो. दहा दिवस दे.

तो ओट्यावर बसूनच राहिला. आप्पांनी चहा दिला तेव्हा उठला.

२३ फेब्रुवारी, रविवार

ड्रोन कुठे उडवता येतो त्या झोनचा नकाशा तपासला. वाडी हिरव्यात आहे. हिरवं म्हणजे उडवायला मोकळीक. पण रानही हिरवंच दिसतं, म्हणून तीनदा तपासलं.

तलाठी, सरपंच, पोलीस पाटील आणि वन खात्याचं ऑफिस, चौघांना पत्रं. विषय: उड्डाणास हरकत नसल्याबाबत. उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही.

ड्रोन साफ करायचा राहिला. ब्रश सापडला नाही.

५ मार्च, बुधवार

उत्तर एकाचंही नाही. पोलीस पाटील रस्त्यात भेटले. म्हणाले, पत्र कशाला पाठवलंस, मी रोज तुझ्या दारावरून जातो.

कमळू परत आला. एस.टी. चुकली म्हणून निम्मी वाट चालत. बुधीने फडक्यात बांधून मोहाची फुलं पाठवली होती. राब भाजून तयार हाय म्हणाला, वाऱ्याने राख उडायच्या आत या. मी प्रक्रिया समजावून सांगितली. तो हो हो म्हणाला. प्रक्रिया हा शब्द त्याने दोनदा स्वतःशी म्हणून बघितला.

तो गेल्यावर आप्पा कडाडले. सुन्या, त्या बाईच्या कडेवर तू मुतलायस, आणि तिला कागद मागतोस? बोराएवढं यंत्र ते, उडव नि ये!

आप्पा भावनेच्या भरात बोलतात. त्यांनी वेबिनार केलेला नाही.

९ मार्च, रविवार

मुरबाड रोडला एका फार्महाउसवर वाढदिवस. सूर्य बुडाल्यावर उडवला, स्विमिंग पूलवरून. कागद नंतर देतो म्हणाले. चांगली माणसं आहेत, देतील.

कोर्स एप्रिलमध्ये. मार्चला होळी येते मध्ये.

१५ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६

आज वाडीवर गेलो. शेवटी अनिताने ड्रोनची बॅग उचलून गाडीवर ठेवली, आप्पांना मागे बसवलं आणि दार लावून घेतलं. आप्पा ऑब्झर्व्हर. नियमाप्रमाणे एक माणूस सतत आकाशाकडे बघणारा हवा.

शेजारच्या चार खाचरवाल्यांचे अंगठे हवे होते. कागद बघून चौघेही मागे सरले. मग बुधी पुढे आली. आपल्या बोलीत काहीतरी बडबडली, माझ्याकडे हात केला, स्वतःच्या कमरेवर थाप मारली. सगळे हसले आणि एकेक करून अंगठा देऊन गेले. बारकूशेटचा पोरगा हाय, म्हणे, आपलाच हाय.

कमळूचं हमीपत्र वेगळं. त्याला मी पूर्ण वाचून दाखवलं, कारण न वाचता घेतलेला अंगठा कोर्टात टिकत नाही. फोटोमुळे नुकसान झाल्यास चालक जबाबदार नाही, इथे कमळू हसला. शेट, फोटूनं कंदी कुनाचं नुकसान झालंय का? आणि अंगठा दिला. ठसठशीत.

अकरा मिनिटं उडवला. वरून सगळं दिसलं. नऊ काळे चौकोन, मधले बांध, कडेचा आंबा, आणि मधोमध बुधी, कपाळावर हात धरून वर बघत. क्षणभर छातीत काहीतरी हललं. मग बॅटरी बावीस टक्के दाखवायला लागली म्हणून उतरवला.

आप्पा आकाशाकडे बघता बघता आंब्याखाली झोपले होते. याची नोंद करतोय, कारण नोंद प्रामाणिक हवी.

१८ मार्च, मंगळवार

शहापूरला कलर लॅबमध्ये मोठी प्रिंट काढली, लॅमिनेशनसहित. शेजाऱ्यांची खाचरं धूसर केली, त्यांच्या खाजगीपणाचा प्रश्न आहे. खाली पट्टी बरोबर आली, अक्षर स्पष्ट. लॅबवाला म्हणाला, फार प्रोफेशनल दिसतं.

कमळूला स्टँडवर दिली. त्याने ती छातीशी धरली, ऊन लागू नये म्हणून वर टॉवेल टाकला. एक गावठी कोंबडा दिला. घेतला. नाही म्हटलं तर वाईट दिसतं.

म्हणाला, सुनावनीला तुमी पन चला, शेट. तुमी बोललात तर साहेब ऐकंल. मी नाही म्हणालो. गेलो तर साक्षीदार होतो. साक्षीदार ही जोखीम नंबर तीन.

२५ मार्च, मंगळवार

आज सुनावणी. कमळूचा फोन नाही. म्हणजे काम झालं असणार. काही बिघडलं की माणूस लगेच फोन करतो, हा माझा अनुभव.

समाधान वाटायला हवं होतं. वाटेल उद्या.

२८ मार्च, शुक्रवार

कमळू सकाळी आला. फोटो टॉवेलात.

त्याने सांगितलं ते असं. साहेबांना फोटो आवडला. त्यांनी बोट ठेवून चौकोन मोजले, बाजूच्या बाईंना बोलावून दाखवले. म्हणाले, हे तर स्वच्छ दिसतंय. मग चष्मा लावला आणि खालचं वाचलं. मोठ्याने. विचारलं, हे कोणी लिहिलं? कमळू म्हणाला, आमच्या सुनिलशेटनी. साहेब म्हणाले, अरे बाबा, ज्याने फोटो काढला तोच म्हणतो हद्दी खऱ्या नाहीत, सरकारी कामाला वापरू नका. मी कसा वापरू? फोटो परत दिला. अकरा गुंठे कायम.

अपील करता येतं. तीस एप्रिलपर्यंत. फोटो काढणाऱ्याने आपल्या सहीने लिहून द्यायचं की हद्दी खऱ्या आहेत, ड्रोन अमुक आहे, सर्टिफिकेट नंबर तमुक.

मग कमळू म्हणाला, शेट, त्यात काय लिवलंय ते मला एकदा वाचून दावा. साहेब भराभर वाचला, मला कळला नाय.

वाचून दाखवलं. चारच ओळी आहेत. तो नीट ऐकत होता. आसं, म्हणाला. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, मला काही बोलता आलं असतं. फोटो पुन्हा टॉवेलात गुंडाळत त्याने विचारलं, आता आनखी कुठं अंगठा द्यायचा हाय का?

नाही म्हणालो.

आप्पा ओट्यावर होते. उठून आत गेले.

३० मार्च, रविवार. पाडवा

आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. गुढी त्यांनीच उभारली. श्रीखंडाची वाटी माझ्यासमोर न ठेवता पलीकडे ठेवली. अनिता म्हणाली, सगळ्या गावाला सांगत फिरता कागद, कागद. एक कागद लिहून द्यायची वेळ आली तर हात का कापतो? उंटावरून शेळ्या हाकायची सवय झालीय तुम्हाला.

मला वाईट वाटलं. हे इथे लिहून ठेवतो कारण बऱ्याच दिवसांनी वाटलं.

संकल्प: बिनपट्टीचा फोटो काढून देणार. सहीचं पत्र देणार. तीस एप्रिल लांब आहे.

६ एप्रिल, रविवार

पत्राचा मसुदा केला. मी सुनिल बारकू, राहणार किन्हवली, शपथेवर लिहून देतो की. इथपर्यंत उत्तम झालं.

पुढे सर्टिफिकेट नंबर. तो नाही. अनिता म्हणाली, मग खरं लिहा, ड्रोन लहान आहे, अडीचशे ग्रॅमच्या आत, लागत नाही. बरोबर आहे तिचं. लिहायला घेतलं.

मग ही वही उघडली. ११ फेब्रुवारी. २५१.२. माझ्याच अक्षरात, आणि अक्षर चांगलं आहे. ब्रश सापडला नाही हेही लिहिलंय. म्हणजे १५ मार्चला वाडीवर जे उडालं ते सव्वा ग्रॅमने बेकायदा होतं. शपथेवर खोटं कसं लिहू? आणि खरं लिहिलं तर पुन्हा तो बाक.

पान फाडता येईल. पण पान फाडणं म्हणजे पुरावा नष्ट करणं.

विचार करतोय.

१७ एप्रिल, गुरुवार

ड्रोन साफ केला. जुन्या टूथब्रशने वीस मिनिटांत झाला. सोनाराकडे तोलला: २४९.४. आता मी पूर्ण कायदेशीर. नवा फोटो काढला की झालं. राखेचं काय, ते बघायला हवं.

कमळूला निरोप पाठवायचा. उद्या.

२४ एप्रिल, गुरुवार

लग्नं. किन्हवलीत एक, डोळखांबला दोन. अजिबात वेळ नाही. पट्टी सगळीकडे बरोबर येते आहे.

कमळू बाजारात दिसला. त्याने रामराम केला. अपिलाचं काही विचारलं नाही. न विचारणं म्हणजे घाई नाही, असा मी अर्थ घेतला.

३० एप्रिल, बुधवार

आज शेवटचा दिवस. पत्र तयार होतं. खिशात होतं. शहापूरच्या ऑफिसपर्यंत गेलो. आत व्हरांड्यात एक बाक आहे, लाकडी, तसाच. माणसं बसली होती.

गाडी बंद न करता पाच मिनिटं उभा राहिलो. मग बॅटरीच्या दुकानात गेलो, कारण बॅटऱ्या घ्यायच्याच होत्या.

मला त्या बाकाची भीती वाटते. बाकी काही नाही. एवढंच आहे सगळं. हे वेबिनारमध्ये नव्हतं.

कोर्स मेमध्ये.

११ मे, रविवार. रात्री

वाडीवर जाऊन आलो. कोणी पाठवलं नाही, स्वतः गेलो. ड्रोन नेला नाही.

खाचराच्या कडेने खुणेचे दगड रोवलेत, पांढरा रंग दिलेले. नऊ चौकोनांतला एक कमळूच्या बाजूला आणि दुसऱ्याचा थोडा कोपरा. बाकीचे पलीकडे. राख उडून गेलीय. आता वरून काढला तरी काही दिसलं नसतं, म्हणजे उशीर हा मुद्दा तसा उरत नाही.

बुधीने बसायला घोंगडी टाकली. फोटो दारासमोरच्या कुडाला लावलाय. ती मधोमध उभी आहे तिथे कुंकवाचं बोट. खालची काळी पट्टी नाही. कोयत्याने कापून टाकलीय, सरळ रेषेत. बुधी म्हणाली, ते काळं बरं नाय दिसत होतं रं, बाकी फोटू ब्येस आलाय.

पट्टी कापलेल्या प्रतीबद्दल वेगळं लिहून घ्यायला हवं, असं मनात आलं. खरंच आलं. पॅड गाडीच्या डिकीत होता. मी तिथेच बसून राहिलो.

काळा चहा झाला. सांगायचं ते सांगितलं नाही. बाकाचं सांगणार होतो. कमळूने विचारलं आप्पांचा गुडघा कसा आहे. बरा आहे म्हणालो.

निघताना तो गाडीपर्यंत आला. म्हणाला, शेट, आप्पाला सांगा, आवनीला आमी येतू. औंदा दोन दिस आधीच येतू. आमच्याकडं आता आपलं तेवढं काम ऱ्हायलं नाय.

घरी येऊन निळी फाईल काढली. सगळे कागद क्रमाने आहेत. तारखा आहेत, शेजाऱ्यांचे चार अंगठे आहेत, कमळूचा आहे. एकही कागद कमी नाही.

आप्पांना निरोप सांगितला. ते अजून ओट्यावर बसलेत.